मोकळं अंगण

गल्ली जिथं संपते तिथलं शेवटचं घर सायकल मिस्त्रींचं. घर दोनच खोल्यांचं, पण पुढचं अंगण एवढं ऐसपैस की गल्लीत तसं दुसरं कुणाचं नव्हतं. मात्र त्या अंगणात पाय ठेवायला जागा सापडली तर शपथ. डाव्या भिंतीला दुरुस्तीला आलेल्या सायकली एकीवर एक रेलून उभ्या. उजवीकडं चाकं गेलेल्या, चाक धरणारे चिमटे वाकलेल्या जुन्या फ्रेमांचा ढीग. खिळ्यांना टांगलेले टायर, छर्ऱ्यांचे डबे, चेनचे वेटोळे, आणि या सगळ्याच्या मधोमध पोतं अंथरून बसलेले खुद्द मिस्त्री. साठी कधीच उलटली होती. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला बसले की एक डोळा मिटून असे बघत राहायचे, की तेवढ्यात घराला आग लागली असती तरी चाक थांबेपर्यंत उठले नसते.

त्यांची सून परगावची. तिचे वडील कचेरीत कारकून, घर लहान पण आरशासारखं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिची चांगली साडी एका पेडलला अडकून टरकन फाटली होती. मिस्त्री बिचारे ओशाळले होते. "पोरी, तेवढं इकडून चालत जाऊ नकोस, मी वाट करून देतो," म्हणाले आणि फाटकापासून दारापर्यंत जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट त्यांनी करून दिली. सून त्यांना घरात सगळे म्हणायचे तसं अण्णा म्हणायची. दोघांचं बरं जमायचं. तिच्या शिलाई मशीनला तेल घालायचं काम अण्णांनी कधी तिला करू दिलं नाही. आणि तिच्या कापडाच्या उरलेल्या चिंध्या अण्णांच्या कामाला यायच्या. गिऱ्हाइकाची सायकल आली की ते आतल्या बाजूला हाक मारायचे, "पोरी, एक चिंधी दे गं, पेपरवाल्याची आलीय." ती देईल त्या रंगाची चिंधी हँडलला बांधली, की कुठली सायकल कुणाची हे त्यांना झोपेतही सांगता यायचं. चिंधी बांधलेली ती लोकांची, बिनचिंधीची ती आपली. हिशोब इतका सरळ होता.

पण अंगण तिच्या डोळ्यात खुपायचंच. वाळत घातलेल्या कपड्यांना तांबेऱ्याचे डाग पडायचे. गल्लीतल्या बायका कपडे अल्टर करायला आणायच्या त्या फाटकातूनच पिशवी पुढं करायच्या, आत पाऊल टाकायच्या नाहीत. सगळ्यांत जास्त लागायचं ते चिमीचं. चिमी तिची मुलगी, सात वर्षांची. गल्लीतल्या मुली चिमीला खेळायला बोलवायच्या, पण चिमीकडं खेळायला कुणी यायचं नाही. "तिकडं नको हं, गंजाचं लागलं तर इंजेक्शन घ्यावं लागेल," असं एक आई आपल्या मुलीला सांगताना सुनेनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, याच अंगणावर आपण जेवलोय." तो शीतगृहाचा ट्रक चालवायचा, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. त्याला काय, तो येऊन जाऊन पाहुणा. जेवलोय हे खरं, पण जेवलोय म्हणून जन्मभर गंजातच बसायचं का, हे तिच्या ओठांवर आलं होतं.

त्या वर्षी नगरपालिकेनं 'सुंदर गल्ली' स्पर्धा काढली. कचरा उचला, भिंती रंगवा, झाडं लावा, आणि जी गल्ली जिंकेल तिला नवे दिवे आणि नवी फरशी. गल्लीत लगेच समिती झाली. अध्यक्ष म्हणून बँकेतून निवृत्त झालेल्या मॅडमना निवडलं, म्हणजे त्यांनी स्वतःला निवडलं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम कामाला वाघ होत्या, हे मात्र कुणीही कबूल करील. पहाटे हातमोजे घालून गटाराच्या काठावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या उचलायच्या. कोपऱ्यावरचा वर्षानुवर्षांचा उकिरडा त्यांनी पंधरवड्यात हलवला आणि तिथं झेंडूची रोपं लावली. ज्यांनी तिथं रोज कचरा टाकला होता तेच लोक आता येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून रोपं दाखवायचे.

एके दुपारी मॅडम मिस्त्रींच्या घरी आल्या. फाटकात थांबल्या नाहीत. साडी सावरत त्या अरुंद वाटेनं थेट आत येऊन खुर्चीवर बसल्या. सुनेची तारांबळ उडाली. अण्णा बाहेर पंक्चर काढत होते, त्यांनी नुसतं वर बघितलं.

"चहा नको, बस तू," मॅडम म्हणाल्या. "मी तुलाच भेटायला आलेय. अगं, गल्लीत एवढी शिकलेली, टापटिपीची मुलगी, आणि समितीत नाही? हे काही बरं नाही."

त्यांनी 'तू' म्हटलं, 'मुलगी' म्हटलं, याचंच तिला केवढं अप्रूप वाटलं. आजवर तिला सगळे 'सायकलवाल्यांची सून' म्हणायचे. मॅडमनी पिशवीतून हिरवी टोपी काढून तिच्या हातात ठेवली. मग आवाज खाली आणत म्हणाल्या, "खरं सांगू का, परीक्षक येऊन गेले परवा, पहिल्या फेरीचे. सगळं आवडलं त्यांना. फक्त गल्लीच्या टोकाशी आले आणि थबकले. तुझ्या लक्षात आलंच असेल कुठं."

सुनेनं दारातून अंगणाकडं बघितलं.

"मिस्त्रींना वाईट वाटेल म्हणून मी काही बोलले नाही. पण हे आवरायला हवं गं. टाकायचं काही नाही, नुसतं आवरायचं. नीट लावायचं. आम्ही सगळे येऊ हाताला."

"अण्णा हात लावू देणार नाहीत."

"म्हणून तर तुझ्याशी बोलतेय."

योगायोग असा की अण्णांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलेलं होतंच. वर्षभर टाळत होते. वेदना वाढल्या तेव्हा मुलानं रजा काढली आणि त्यांना दवाखान्यात भरती केलं. जाताना फाटकात उभं राहून अण्णांनी डाव्या भिंतीकडं एकदा नजर टाकली आणि सुनेला म्हणाले, "पेपरवाल्याची तयार आहे, आला तर दे. दवाखान्यातल्या नर्सबाईंची ब्रेकची तार तेवढी राहिलीय. त्यांना म्हणावं, आल्या आल्या करतो. बाकी कुणी घाई केली तर माझं नाव सांग." ती हो म्हणाली. सायकली तशा डझनभर होत्या, साऱ्यांच्या हँडलला तिच्याच चिंध्या.

रविवारी सकाळी समिती आली. पंचवीस-तीस माणसं, हिरव्या टोप्या, झाडू, घमेली, रंगाचे डबे. मागं एक टेम्पो. टेम्पो बघून ती पुढं झाली.

"टेम्पो कशाला, मॅडम?"

"अगं, जे अगदीच टाकाऊ असेल ते न्यायला. तू फाटक उघड, पूर्ण उघड."

तिनं उघडलं. त्या अंगणाचं फाटक तिच्या लग्नापासून कधी पूर्ण उघडलेलं नव्हतं, त्याच्या दुसऱ्या झडपेमागं टायर रचलेले असायचे. आधी उजवीकडचा फ्रेमांचा ढीग गेला. तो जाताना तिला, खोटं कशाला बोला, बरंच वाटलं. ढिगाखालची जमीन काळीकुट्ट होती, ती कुणीतरी खरवडून काढली. मग टायर गेले. मग दोन पोरगेले बाप्ये डाव्या भिंतीकडं वळले.

"त्या नको," ती म्हणाली. "त्या चिंध्या बांधलेल्या लोकांच्या आहेत."

बोलली ती मॅडमशी, आणि तेही हळू. मॅडम हसल्या. "कुठल्या लोकांच्या गं? यातल्या कितीतरी इथं पावसाळ्यापासून बघतेय मी. ज्यांना हव्या असतात ते नेतात. ज्यांना नको असतात त्यांचं गोदाम आपण का व्हायचं?"

"नाही, पेपरवाल्याची तरी—"

"बरं, ती बाजूला ठेवायला सांगते. हे बघ, फोटोवाला आलाय. तू झाडू घेऊन मधे उभी राहा. तुझ्याच घरचं काम आहे, तूच मधे हवीस."

ती मधे उभी राहिली. दोन्हीकडं गल्लीतल्या बायका, ज्या कधी फाटकाच्या आत आल्या नव्हत्या, त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकले. फोटो झाला. मग कुणीतरी म्हणालं, एवढ्या माणसांना चहा कोण करणार, आणि ती आत गेली. दोन मोठी पातेली चढवली, कप शेजारून मागवले. आतून तिला लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. एकदा ती उंबऱ्यापर्यंत आली. बाहेर बघावं असं वाटलं, आणि बघितलं तर काहीतरी बोलावं लागेल असंही वाटलं. चहा उतू जाईल म्हणून ती परत फिरली.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा टेम्पो गेला होता. डावी भिंत रिकामी होती आणि तिच्यावर आकाशी रंगाचा पहिला हात चढत होता.

"मॅडम, सायकली?"

"एक ठेवलीय की बाजूला. सजावटीला." मॅडमनी चहाचा कप उचलला. "वा! आलं घातलंयस."

अण्णांना आणलं त्या दिवशी समिती पुन्हा हजर होती. रिक्षातून मुलानं त्यांना हात धरून उतरवलं. एक हात टाक्यांवर दाबून धरलेला, चेहरा उतरलेला. फाटकात पाय ठेवला आणि टाळ्या सुरू झाल्या. आकाशी भिंत, तिच्यावर पांढरे पक्षी, कुंड्यांची रांग, झाडून लख्ख केलेली जमीन. मॅडमनी पुढं होऊन एक रोप त्यांच्या मोकळ्या हातात दिलं. अण्णा ते धरून उभे राहिले. त्यांचे डोळे भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"पेपरवाल्याची कुठाय?" त्यांनी विचारलं.

"अहो मिस्त्री, आधी बघा तरी कसं दिसतंय!" मॅडम म्हणाल्या.

"दिसतंय," अण्णा म्हणाले. मग सुनेकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "पोरी, सायकली कुठं ठेवल्यास?"

गल्लीतली सगळी माणसं बघत होती. नवरा बघत होता. त्याला तरी कुठं काय ठाऊक होतं, तो दवाखान्यातच होता. शेवटी कुणीतरी पुरुष मागून म्हणाला, "भंगारात दिल्या, मिस्त्री. जुनाट होत्या. आता आराम करा की जरा!" आणि दोघं-तिघं हसले, चांगल्या मनानंच हसले.

अण्णांनी रोप खाली ठेवलं. वाकताना टाक्यांवर ताण आला असेल, तोंड वेडंवाकडं झालं. मग मुलाला म्हणाले, "भंगारवाल्याकडं चल."

"अण्णा, आत्ता? डॉक्टरांनी—"

"चल म्हटलं ना."

त्याच रिक्षात अण्णा, मुलगा आणि सून बसले. भंगारवाला ओळखीचा होता, अण्णा त्याच्याकडूनच जुने सुटे भाग घ्यायचे. तो हात पुसत बाहेर आला आणि काय झालं ते कळताच त्यानं कपाळाला हात लावला.

"मिस्त्री, मला काय ठाऊक? मी चोरून नेल्यात का? तुमच्या सुनेनं फाटक उघडलं. आत चहा चढवला होता, माझ्या पोरानं पाहिलं. मला वाटलं तुम्ही धंदा बंद केलात."

"आहेत का?"

"कालच गाडी गेली. कापून, दाबून गेलं सगळं."

एका कोपऱ्यात थोडंफार उरलं होतं. अण्णा त्यात हात घालून शोधत राहिले. एक हँडल निघालं, त्याला निळी चिंधी होती. अण्णांनी चिंधी सोडली, घडी घातली आणि खिशात ठेवली. हँडल परत ढिगावर टाकलं.

त्या दिवसापासून त्यांनी सुनेला पोरी म्हटलं नाही. रागावले असते, चार शब्द सुनावले असते, तर तिला रडता आलं असतं, माफी मागता आली असती. तसं काही झालं नाही. पाणी दे, जेवायला वाढ, चिमी झोपली का, एवढंच. नवरा मात्र ओरडला. खूप ओरडला. "तोंड नव्हतं का तुला? तूच ना चिंध्या द्यायचीस?" ती म्हणाली, "मी सांगितलं होतं मॅडमना." तो म्हणाला, "सांगितलंस की पुटपुटलीस?"

मग गिऱ्हाइकं येऊ लागली. अण्णा अंगणात, त्याच जागी पण आता खुर्चीवर बसलेले असायचे, आणि येणाऱ्याला स्वतः सांगायचे, "गेली. माझ्याकडून गेली." सुनेचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. कुणी चडफडलं, कुणी म्हातारा म्हणून गप्प बसलं. नर्सबाईंना अण्णांनी आतल्या खोलीत ठेवलेली स्वतःची सायकल दिली. त्या घेत नव्हत्या, त्यांनी जबरदस्तीनं दिली. पण जाता जाता नर्सबाई सुनेला म्हणाल्याच, "माझे दोन ड्रेस तुमच्याकडं आहेत शिवायला. नाही झाले तरी चालतील, मी घेऊन जाते." ते ड्रेस तिनं घडी करून त्यांच्या हातात दिले.

पेपरवाल्याची गोष्ट वेगळीच झाली. त्याची सायकल भंगारात गेलीच नव्हती. एके सकाळी तो पायी पेपर टाकत गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला. झेंडूच्या रोपांच्या मधोमध आदल्या दिवशी बसवलेली एक पिवळीधमक सायकल उभी होती. पुढच्या टोपलीत फुलं, मागच्या कॅरियरवर फुलं, चाकांच्या तारांमधून कागदी फुलपाखरं. कॅरियर त्यानं स्वतः लांब करून घेतला होता, पेपरचा गठ्ठा मावावा म्हणून. असा कॅरियर अख्ख्या शहरात दुसरा नव्हता. त्यानं सायकल उचलायला बघितली तर ती सिमेंटमध्ये रोवलेली.

त्यानं आरडाओरडा केला. मॅडम आल्या. सून आणि अण्णाही आवाज ऐकून आले.

"ही माझी आहे," पेपरवाला म्हणाला.

"असेल. पण आता ती गल्लीची आहे," मॅडम म्हणाल्या. "पालिकेच्या फोटोत आलीय. उद्या परवा शेवटची फेरी आहे. तुमचं नुकसान झालं असेल तर समिती विचार करेल."

"विचार कसला करता? मी पायी पेपर टाकतोय आठवडाभर!"

"तेच म्हणतेय मी," मॅडमचा आवाज चढला. "आठवडाभर माझा पेपर नऊ वाजता येतोय. आधी ते सांगा, कशामुळं?"

पेपरवाला त्यांच्याकडं बघतच राहिला. नंतर हसत सुटला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं की कशाचं कळेना. अण्णा खाली बसले. सिमेंट कुठवर गेलंय ते बोटांनी चाचपून बघितलं. चाकं निम्मी आत होती, चिमटा गंजून जाणार हे उघड होतं. "निघणार नाही," ते म्हणाले. "मी तुला नवी बांधून देतो." कशानं बांधणार होते, कुणास ठाऊक. पान्ह्यांची पेटीसुद्धा उरली नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी सून मॅडमच्या घरी गेली. टोपी सोबत नेली. मनात बोलायचं पक्कं ठरवून गेली होती, की समितीनं अण्णांची भरपाई करावी, गिऱ्हाइकांसमोर येऊन चूक कबूल करावी. मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं.

"तुझं दुःख मला कळत नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "पण आम्ही सगळे आपापली कामं सोडून राबलो. एका पैशाची अपेक्षा न धरता. आणि घरातल्या माणसानं परवानगी दिल्याशिवाय कुणी आत आलं का? फाटक कुणी उघडलं?"

"तुम्ही म्हणाला होतात, नुसतं आवरायचं."

"आवरणं म्हणजे काय मग?" मॅडमनी विचारलं, आणि त्यांना खरंच वेगळं काही ठाऊक नसावं असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "जरा खिडकीतून बघ. चिमी कुठाय?"

सुनेनं बघितलं. तिथून गल्लीचं टोक सरळ दिसत होतं. मोकळ्या अंगणात गल्लीतली सगळी मुलं जमली होती. चिमी मधे होती, तिच्यावर राज्य होतं, आणि ती जिवाच्या आकांतानं सगळ्यांमागं पळत होती. अण्णा खुर्ची भिंतीला लावून, पाय आखडून बसले होते, मुलांना अडचण नको म्हणून. हेच तर तिला हवं होतं. वर्षानुवर्षं हवं होतं. टोपी तिनं टेबलावर ठेवली आणि घरी आली. टोपी परत केली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी समितीच्या माणसानं ती फाटकाला अडकवून ठेवली, विसरली असेल म्हणून.

शेवटच्या फेरीचे परीक्षक आले तेव्हा मॅडमनी त्यांना सगळ्यांत शेवटी मिस्त्रींच्या अंगणात आणलं. परीक्षकांतली एक तरुण बाई भारावून गेली. आधीचा फोटो आणि आताचं अंगण, दोन्ही बघून म्हणाली, "घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

मॅडमनी सुनेला पुढं केलं.

ती बोलली. या वेळी पुटपुटली नाही. "इथं लोकांच्या सायकली होत्या," ती म्हणाली. "दुरुस्तीला आलेल्या. त्या न विचारता भंगारात घातल्या. माझ्या सासऱ्यांचा धंदा गेला. फाटक मी उघडलं."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्या तरुण बाईनं सुनेचा हात हातात घेतला, डोळे भरून आले होते तिचे. "केवढा मोठा त्याग आहे हा," ती म्हणाली. "गल्लीसाठी घरचा धंदा सोडायचा म्हणजे काय असतं, ते आम्हाला कळतं हो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सून "तसं नाही, अहो तसं नाही" म्हणत राहिली, पण तोवर मॅडम सावरल्या होत्या आणि परीक्षकांना पिवळी सायकल दाखवायला घेऊन निघाल्याही होत्या.

गल्लीला दुसरं बक्षीस मिळालं. नवे दिवे आले. फरशी पहिल्या बक्षिसाला होती.

अण्णांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, सायकलींच्या एका मोठ्या दुकानात काम मिळालं. खोक्यांतून आलेल्या नव्या सायकली जोडायच्या. बस दोनदा बदलावी लागायची, टाके अजून ओढ घ्यायचे, म्हणून काही दिवसांनी त्यांनी दुकानाच्या मागंच एक खोली घेतली. मुलाला म्हणाले, तात्पुरती. त्यांनी कपड्यांची एक पिशवी नेली, बाकी नेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सून त्यांना आणायला गेली ती एकटीच, नवऱ्याला न सांगता. दुकान काचेचं होतं, आत गार होतं. मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये अण्णा कंपनीचा लाल शर्ट घालून, उंच स्टुलावर बसून चाक जोडत होते. इथं पोतं अंथरून बसायची मुभा नसावी. तिला बघून ते उठले आणि दुसरं स्टूल पुढं सरकवलं.

"बसा," म्हणाले. "चिमी बरी आहे ना?"

"बरी आहे. तुमची आठवण काढते. अण्णा, घरी चला." ती बसलीच नाही. "मी चुकले. मला कळत होतं आणि मी गप्प बसले. तुम्ही मला बोला, मारा, काय हवं ते करा. पण घरी चला. अंगण पुन्हा भरू आपण. मी स्वतः भंगारवाल्याकडून फ्रेमा आणते. मॅडम आल्या तर मी फाटकात आडवी पडेन."

अण्णांनी हातातलं चाक स्टुलावर टेकवलं.

"फ्रेमा येतील," ते म्हणाले. "फ्रेमांचं काय. पण आता माझ्या अंगणात सायकल कोण ठेवून जाईल?"

"येतील लोक. हळूहळू येतील."

"येतील, आणि समोर उभे राहतील. दुरुस्त होईपर्यंत हलणार नाहीत. मी पाणी प्यायला आत गेलो तरी त्यांचा जीव टांगणीला." आवाजात कुठं कडवटपणा नव्हता, म्हणूनच तिला ते ऐकवेना. "इथं बरं आहे. गिऱ्हाईक सायकल काउंटरवर देतं, चिठ्ठी घेतं. मी कोण ते कुणाला ठाऊक नाही. माझ्या भरवशावर इथं कुणीच काही ठेवत नाही. झोप लागते मला."

"तुम्ही रागावलात माझ्यावर."

"पहिल्यांदा रागावलो होतो," अण्णा म्हणाले. "मग नाही. तुम्हाला तिथं चार माणसांत उभं राहायचं होतं. ते मला आधीच कळायला हवं होतं. मी तुम्हाला एवढीशी वाट करून दिली आणि मला वाटलं, झालं."

ती रडायला लागली. तेवढ्यात दुकानाचा मॅनेजर आत डोकावला, तिच्याकडं बघून चपापला आणि म्हणाला, "मिस्त्री, दोन खोकी आलीत, संध्याकाळपर्यंत हवीत." अण्णा "हो" म्हणाले. त्यांनी चाक स्टँडला लावलं, फिरवलं, आणि एक डोळा मिटला.

चाक थांबलं, त्यांनी एक तार आवळली, पुन्हा फिरवलं. शेवटी ती समोरच्या बाजूनं, नव्या सायकलींच्या रांगांमधून बाहेर पडली. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "काही दाखवू का ताई?" तिनं मान हलवली.

अण्णा पुन्हा त्या घरात राहायला आले नाहीत. नवरा सुट्टी असली की चिमीला घेऊन त्यांच्याकडं जातो, तिघं मिळून बाहेर काहीतरी खातात, संध्याकाळी परत येतात. ती कधी मागं लागत नाही, आणि तो कधी 'तूही चल' म्हणत नाही.